केमो चालू असूनही गाठ का वाढते? प्रोस्टेट कॅन्सर आणि आपली प्रतिकारशक्ती



"पांढऱ्या पेशी म्हणजे आपल्या शरीराचे सैनिक." हे वाक्य आपण वर्गात किती वेळा सांगतो, नाही का? मुलांना ते पटकन कळतं, चित्रही छान काढता येतं. वाक्य चुकीचं नाही, पण अपुरं आहे. घरात कोणाला कॅन्सर झाला की हे अपुरेपण त्रास द्यायला लागतं.

कसं ते सांगते. समजा, एखाद्या मुलाच्या आजोबांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला. केमोथेरपी घेतली, गाठ काही महिने दबली आणि पुन्हा वाढायला लागली. घरातली मोठी माणसं म्हणतात, "त्यांची प्रतिकारशक्तीच कमी पडली." मग प्रतिकारशक्ती वाढवायची धडपड सुरू होते. कोणी काढा सुचवतं, कोणी पावडर आणून देतं, कोणी म्हणतं केमोच बंद करा, तिच्यामुळेच अशक्तपणा आला. मूल कोपऱ्यात बसून हे सगळं ऐकत असतं. त्याच्या मनात एवढंच बसतं की आजोबांचे सैनिक कमजोर होते, म्हणून हरले.

खरं काय घडतं ते बरंच वेगळं आहे. आजच्या लेखात आपण तेच पाहणार आहोत. एकच गोष्ट लक्षात ठेवून वाचा: प्रतिकारशक्ती ही पाण्याच्या टाकीसारखी भरायची आणि रिकामी व्हायची वस्तू नाही. तिच्यात हल्ला करणाऱ्या पेशी असतात, तशाच हल्ला थांबवणाऱ्याही असतात. आणि काही वेळा केमोचं काम बिघडवणाऱ्या पेशी ह्या आपल्याच प्रतिकारयंत्रणेतल्या असतात.

प्रोस्टेट म्हणजे काय?

प्रोस्टेटला मराठीत पुरःस्थ ग्रंथी म्हणतात. ही ग्रंथी फक्त पुरुषांमध्ये असते. आकार साधारण अक्रोडाएवढा. मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेभोवती ती असते आणि वीर्यातला काही द्रव तयार करते.

वय वाढलं की बऱ्याच पुरुषांमध्ये ही ग्रंथी मोठी होते. रात्री वारंवार लघवीला उठावं लागतं, धार बारीक होते. हे दिसलं म्हणजे कॅन्सरच आहे असं अजिबात नाही. पण दाखवून घ्यायला हवं. आपल्याकडे घरातली वडीलधारी माणसं या विषयावर बोलायलाच लाजतात आणि मग उशीर होतो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांच्या कर्करोग नोंदणीत पुरुषांमधल्या पहिल्या दहा कर्करोगांमध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर येतो, त्यामुळे हा "परदेशातला आजार" राहिलेला नाही.

उपचार कोणत्या क्रमाने होतात?

कॅन्सर ग्रंथीपुरताच असेल तर शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन करतात. काही रुग्णांमध्ये तो इतका सावकाश वाढतो की नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं.

कॅन्सर पसरला असेल, विशेषतः हाडांमध्ये गेला असेल, तर हार्मोनचे उपचार येतात. प्रोस्टेटच्या पेशींना वाढायला टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन लागतं. ते बंद केलं की गाठ आक्रसते. अमेरिकेत चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये हे दाखवून दिलं आणि १९६६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

पण बहुतेक पसरलेल्या कॅन्सरमध्ये काही काळाने पेशी हार्मोन जवळजवळ नसतानाही वाढायला शिकतात. अशा टप्प्यावर केमोथेरपीचं महत्त्व वाढतं. (आता काही रुग्णांना ती सुरुवातीलाच हार्मोन उपचारांच्या जोडीने देतात.) इथलं मुख्य औषध म्हणजे डोसेटॅक्सेल. यू नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या पानांमधून मिळणाऱ्या पदार्थापासून ते बनवतात. पेशी दुभंगताना तिच्या आत बारीक नळ्यांची एक चौकट तयार होते आणि मोडते. डोसेटॅक्सेल ती चौकट मोडूच देत नाही. पेशी अर्ध्यावर अडकते आणि मरते.

२००४ मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात हार्मोनला दाद न देणाऱ्या प्रोस्टेट कॅन्सरचे हजाराच्या आसपास रुग्ण होते. जुनं औषध घेणाऱ्यांचं मध्यमान आयुष्य १६.५ महिने होतं, तर दर तीन आठवड्यांनी डोसेटॅक्सेल घेणाऱ्यांचं १८.९ महिने. फरक खरा होता, पण थोडा होता. ज्यांना औषध सुरुवातीला लागू पडलं, त्यांच्यातल्याही बहुतेकांची गाठ पुढे वाढायला लागली.

असं का होतं? याची दोन उत्तरं आहेत. पहिलं बऱ्याच जणांना माहीत असतं. दुसरं कमी लोकांना.

पहिलं कारण: गाठीतल्या पेशीच बदलतात

शेतकरी पालकांना हे लगेच समजेल. कपाशीवर एकच औषध वर्षानुवर्षं मारलं की काय होतं? बहुतेक किडी मरतात, पण ज्या मोजक्या किडींमध्ये आधीपासूनच तग धरायची सोय असते, त्या उरतात. पुढची पिढी त्यांचीच. शेंदरी बोंडअळीने बीटी कपाशीच्या बाबतीत हेच करून दाखवलं.

गाठीतही तसंच. लाखो-कोटी पेशींमध्ये सगळ्या सारख्या नसतात. काहींमध्ये औषध बाहेर फेकणारे पंप जास्त असतात. काहींमध्ये औषधाचं लक्ष्य असलेल्या नळ्यांचीच रचना थोडी वेगळी असते. काही पेशी झालेली मोडतोड पटापट दुरुस्त करतात. औषध आलं की बाकीच्या मरतात आणि ह्या उरतात.

हे उत्तर बरोबर आहे. पण त्यात सामना फक्त दोघांचा आहे, औषध आणि गाठ. प्रत्यक्षात तिथे तिसराही हजर असतो. प्रोस्टेटची गाठ म्हणजे नुसता कॅन्सर पेशींचा गोळा नव्हे. तिच्यात रक्तवाहिन्या असतात, आधार देणाऱ्या पेशी असतात आणि रक्तातून आलेल्या कितीतरी पांढऱ्या पेशीही असतात. ह्या पांढऱ्या पेशी तिथे काय करतात, यावर केमोचा परिणाम बराच अवलंबून असतो.

प्रतिकारयंत्रणेच्या दोन घंटा

शाळेत दोन घंटा असतात, भरल्याची आणि सुटल्याची. शाळा भरल्याची घंटा वाजली की मुलं वर्गात येतात, काम सुरू होतं. सुटल्याची वाजली की दप्तरं भरतात. दोन्ही घंटा गरजेच्या आहेत. शाळा सुटलीच नाही तर काय गोंधळ होईल!

प्रतिकारयंत्रणेतही असंच असतं. जंतू आला की "काम सुरू करा" असे रासायनिक संदेश जातात. मारक टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी जंतू शिरलेल्या पेशींना शोधून मारतात. काम झालं की "आता पुरे" असे संदेश जातात. हा थांबण्याचा संदेश गेलाच नाही तर तीच यंत्रणा आपल्याच शरीरावर उलटते. आमवात, टाइप १ मधुमेह हे असेच आजार. आईच्या पोटातलं बाळ अर्धं वडिलांच्या गुणसूत्रांचं, म्हणजे आईच्या शरीराला काहीसं परकंच. तरी आईचं शरीर त्याला बाहेर फेकत नाही, त्यामागेही हे थांबवणारे संदेश आहेत.

म्हणजे ब्रेक ही प्रतिकारयंत्रणेतली खोट नाही. ब्रेक आहे म्हणून आपण नीट जगतो. अडचण तेव्हा येते, जेव्हा कॅन्सरच्या गाठीत सुटल्याची घंटा भलत्याच वेळी वाजते. काम अर्धवट असतानाच टी-पेशी दप्तर भरून बसतात.

मरताना हाक देणाऱ्या पेशी

आता केमोकडे वळू. आपण समजतो की केमो म्हणजे विष, ते पेशीला मारतं आणि विषय संपतो. पण पेशी कशी मरते याने फार फरक पडतो.

आपल्या शरीरात रोज असंख्य पेशी मरतात. त्या गुपचूप मरतात आणि आजूबाजूच्या पेशी त्यांना उचलून साफ करतात. कुठे गाजावाजा नाही. पण काही औषधांमुळे कॅन्सरच्या पेशी मरताना प्रतिकारयंत्रणेला हाक देतात. एरवी पेशीच्या आत असणारं कॅलरेटिक्युलिन नावाचं प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येतं, जणू "मला गिळा" अशी पाटी लावल्यासारखं. एटीपी हा ऊर्जेचा रेणू पेशीबाहेर सांडतो आणि इतर पेशींना तिकडे ओढतो.

मग डेंड्रायटिक पेशी येतात. त्या मेलेल्या पेशीचे तुकडे उचलतात, जवळच्या लसिका गाठीत नेतात आणि टी-पेशींना दाखवतात. ओळख पटलेल्या टी-पेशी वाढतात, गाठीपर्यंत येतात आणि औषधातून वाचलेल्या कॅन्सर पेशींनाही मारतात. म्हणजे औषधाने काम सुरू करायचं आणि प्रतिकारयंत्रणेने ते पूर्ण करायचं. आतड्याच्या कॅन्सरमध्ये नेहमी वापरलं जाणारं ऑक्झॅलिप्लॅटिन हे असं "हाक देणारं" औषध आहे.

मग हे औषध प्रोस्टेटच्या गाठींवर सहज लागू पडायला हवं, नाही का? इथेच गोष्ट अवघड होते.

उंदरांवरचा प्रयोग: अडवणारा कोण होता?

अमेरिकेत सॅन डिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल कारिन यांच्या प्रयोगशाळेत या प्रश्नावर काम झालं. २०१० मध्ये त्यांच्या गटाने आधी एक वेगळी गोष्ट दाखवली होती. प्रोस्टेट कॅन्सर असलेल्या उंदरांचं पुरुषी हार्मोन बंद केलं की गाठीतल्या पेशी मरतात, तिथे दाह होतो आणि बी-पेशी गोळा होतात. ह्या बी-पेशी लिम्फोटॉक्सिन नावाचा पदार्थ सोडतात. उरलेल्या कॅन्सर पेशींना त्यानेच हार्मोनशिवाय पुन्हा वाढायला मदत होते.

बी-पेशी आपल्याला पुस्तकातून माहीत आहेत. त्यांच्यापासूनच प्लाझ्मा पेशी बनतात आणि प्लाझ्मा पेशी प्रतिपिंडं तयार करतात. म्हणजे आपल्या चित्रातल्या एकदम शूर सैनिक. त्याच कॅन्सरला मदत करत होत्या.

पुढचा प्रश्न साहजिक होता: केमोच्या कामातही ह्या बी-पेशी आडव्या येतात का? २०१५ मध्ये शबनम शालापूर, कारिन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात उत्तर दिलं. त्यांनी प्रोस्टेट कॅन्सरचे तीन वेगवेगळ्या प्रकारचे उंदीर घेतले आणि त्यांना ऑक्झॅलिप्लॅटिनचा कमी डोस दिला. गाठींनी दाद दिली नाही. मग बी-पेशी नसलेल्या उंदरांना तेच औषध दिलं. काही उंदरांमध्ये बी-पेशी जनुकीय बदलामुळे नव्हत्या, काहींमध्ये त्या औषधाने काढून टाकल्या होत्या. आता तेच औषध काम करू लागलं.

विज्ञान शिकवणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबावं. औषध तेच, आजार तोच, बदललं फक्त एक: बी-पेशी आहेत की नाहीत. आपण वर्गात "एका वेळी एकच गोष्ट बदला" असं सांगतो, ते हेच. गाठ मारण्याचं काम बी-पेशी नसताना कोण करत होतं, हेही त्यांनी तपासलं. ते मारक टी-पेशींचं काम निघालं. म्हणजे बी-पेशी गाठीला थेट वाचवत नव्हत्या, त्या टी-पेशींना थांबवत होत्या.

सगळ्याच बी-पेशी दोषी होत्या का? नाही. अडवणाऱ्या होत्या त्या एका खास प्रकारच्या प्लाझ्मा पेशी. त्या आयजीए जातीचं प्रतिपिंड बनवत होत्या. आयजीए म्हणजे काही वाईट गोष्ट नव्हे. आपल्या लाळेत, अश्रूंत, आतड्याच्या अस्तरात आणि आईच्या दुधात तेच असतं. पण गाठीतल्या ह्या पेशींकडे आणखी दोन गोष्टी होत्या. एक, इंटरल्युकिन-१० हा "शांत व्हा" सांगणारा संदेश. दुसरी, पृष्ठभागावरचं पीडी-एल१ हे प्रथिन. टी-पेशीवरच्या ब्रेकवर ते नेमकं पाय ठेवतं. अशा पेशी तयार व्हायला टीजीएफ-बीटा नावाच्या रासायनिक संदेशाची गरज असते, हेही दिसलं. ह्या पेशी हटवल्यावर औषध दिलेल्या गाठी टी-पेशींनी नाहीशा केल्या.

असल्या पेशी फक्त उंदरांतच होत्या का? तर नाही. उपचारांना दाद न देणाऱ्या माणसांच्या प्रोस्टेट गाठींमध्येही त्या आढळल्या.

आता आपल्या घंटेची आठवण करा. केमोने शाळा भरल्याची घंटा वाजवली होती. टी-पेशी यायलाही तयार होत्या. पण गाठीतच बसलेल्या ह्या प्लाझ्मा पेशी सुटल्याची घंटा बडवत होत्या. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, "औषध लागू पडलं नाही."

घंटा वाजवणारे आणखी काही

बी-पेशी एकट्याच दोषी आहेत असं समजू नका. स्वित्झर्लंडमधल्या आंद्रेया अलिमोंती यांच्या गटाने २०१४ मध्ये दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींवर काम प्रसिद्ध केलं. ह्या मायलॉइड पेशी, अस्थिमज्जेतून येणाऱ्या. केमोमुळे कॅन्सरच्या काही पेशी मरत नाहीत, पण कायमच्या "म्हाताऱ्या" होतात, म्हणजे त्यांचं विभाजन थांबतं. हाही फायदाच. पण उंदरांच्या प्रोस्टेट गाठीत शिरलेल्या मायलॉइड पेशी एक पदार्थ सोडून हे म्हातारं होणं अडवत होत्या. त्या पेशींना गाठीत यायला बोलावणारी खूण औषधाने बंद केली आणि सोबत डोसेटॅक्सेल दिलं, तेव्हा डोसेटॅक्सेलचा परिणाम वाढला.

ही कल्पना पुढे माणसांपर्यंत आली. लंडनमधले योहान डी बोनो आणि अलिमोंती यांच्या गटांनी २०२३ मध्ये एका छोट्या चाचणीचे निष्कर्ष दिले. त्यात मायलॉइड पेशींना गाठीत येण्यापासून रोखणारं औषध, हार्मोनवर काम करणाऱ्या औषधाच्या जोडीने दिलं. उपचारांना दाद न देणाऱ्या काही रुग्णांमध्ये आजार मागे हटला. सगळ्यांमध्ये नाही, काहींमध्येच. लक्षात घ्या, ही जोडी केमोबरोबरची नव्हती आणि ती अजून नेहमीचा उपचार झालेली नाही. पण पांढऱ्या पेशींची ये-जा बदलली की थकलेला उपचार पुन्हा चालू शकतो, एवढं माणसातही दिसलं.

मग ब्रेकच काढून टाकला तर?

हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. जेम्स ॲलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८ चं नोबेल पारितोषिक टी-पेशींवरचे हे ब्रेक ओळखून ते सोडवण्याच्या शोधासाठीच मिळालं. त्यातून आलेल्या औषधांनी त्वचेच्या आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये बऱ्याच रुग्णांचं आयुष्य बदललं.

प्रोस्टेटच्या बाबतीत मात्र निराशा झाली. डोसेटॅक्सेलच्या जोडीला ब्रेक काढणारं औषध देऊन मोठी चाचणी घेतली, पण रुग्णांचं आयुष्य लक्षणीय वाढलं नाही. याचं एक कारण म्हणजे प्रोस्टेटच्या बहुतेक गाठींमध्ये मारक टी-पेशी मुळात कमी असतात. वर्गात मुलंच आली नाहीत तर सुटल्याची घंटा थांबवून काय उपयोग? शिवाय घंटा वाजवणारे एकाहून जास्त आहेत. एकाचा हात धरला तरी दुसरा वाजवतोच.

अपवाद आहेत. प्रोस्टेट कॅन्सरच्या थोड्या रुग्णांमध्ये डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेली असते. त्यांच्या गाठी प्रतिकारयंत्रणेला जास्त "परक्या" दिसतात आणि अशा रुग्णांना ब्रेक काढणारी औषधं लागू पडू शकतात. म्हणून डॉक्टर काही रुग्णांच्या गाठीची जनुकीय तपासणी सुचवतात. ती सुचवली तर "उगाच खर्च" म्हणून टाळू नका, आधी तिचा हेतू विचारून घ्या.

घरी काय लक्षात ठेवायचं?

हे सगळं प्रयोगशाळेतलं झालं. पण घरात रुग्ण असेल तर यातून काही गोष्टी सरळ निघतात.

१. "प्रतिकारशक्ती वाढवा" हा सल्ला तपासून घ्या. गाठीला मदत करणाऱ्या त्या प्लाझ्मा पेशी आणि मायलॉइड पेशी हासुद्धा प्रतिकारशक्तीचाच भाग आहेत. मग नेमकं काय वाढवायचं? कोणतीही पावडर किंवा काढा "फक्त मारक टी-पेशी वाढव आणि ब्रेक कमी कर" एवढं नेमकं काम करतो हे सिद्ध झालेलं नाही.

२. जे काही घेत असाल ते कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगा. डोसेटॅक्सेलचा निचरा यकृतातून होतो. यकृत बिघडलं तर औषध शरीरात जास्त साठतं आणि त्रास वाढतो. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, केमो चालू असताना डॉक्टरांपासून लपवून काही घेणं धोक्याचं, एवढं नक्की.

३. ताप आला तर वाट पाहू नका. डोसेटॅक्सेलमुळे जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी काही दिवस खूप कमी होतात. ही कमतरता खरी आणि धोक्याची असते. ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल, तर रात्र असली तरी रुग्णालयात फोन करा. घरची गोळी देऊन सकाळपर्यंत थांबू नका.

४. स्टिरॉइड पाहून घाबरू नका. डोसेटॅक्सेलसोबत प्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड बऱ्याचदा देतात. "स्टिरॉइड प्रतिकारशक्ती मारतं" असं ऐकून घरचे लोक ते परस्पर बंद करतात. तसं करू नका. ते ठरवून दिलेलं असतं आणि अचानक बंद करणं अपायकारक ठरू शकतं.

५. उंदरांवरच्या प्रयोगाचं औषध मागू नका. ऑक्झॅलिप्लॅटिनची गोष्ट आपण समजून घेण्यासाठी वाचली. प्रोस्टेट कॅन्सरसाठी ते नेहमीचं औषध नाही. उंदरात यशस्वी झालेल्या कितीतरी कल्पना माणसात चालत नाहीत, आणि वरचीच ब्रेक काढणाऱ्या औषधाची चाचणी त्याचं उदाहरण आहे.

६. औषध बदललं म्हणजे सगळं संपलं असं नाही. डोसेटॅक्सेल थकल्यावर देण्यासाठी कॅबाझिटॅक्सेलसारखी पुढची औषधं आहेत. "आता पुढे काय?" हा प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारा, आणि रुग्णाला समोर बसवून विचारा.

वर्गात कसं शिकवाल?

पाचवी ते आठवीच्या मुलांना हा विषय खेळातून कळतो. आजाराचं नाव घ्यायचीही गरज नाही.

दहा मुलांना "टी-पेशी" करा. फळ्यावर वीस फुल्या काढा, त्या म्हणजे आजारी पेशी. एक मुलगा "औषध". तो पाच फुल्या पुसतो आणि भरल्याची घंटा वाजवतो. मग टी-पेशी एकेक करून येऊन एकेक फुली पुसतात. पहिल्या फेरीत सुटल्याची घंटा कोणाकडेच देऊ नका, सहज बऱ्याच फुल्या पुसल्या जातील. दुसऱ्या फेरीत एका मुलीकडे सुटल्याची घंटा द्या. तिने दोन फुल्या पुसून होताच ती वाजवायची, आणि घंटा वाजली की सगळ्यांनी जागेवर बसायचं. उरलेल्या फुल्या मोजा. तिसऱ्या फेरीत विचारा: "आता जास्त फुल्या पुसायच्या असतील तर काय बदलाल?"

बहुतेक मुलं आधी म्हणतील, टी-पेशी वाढवा. वाढवून पाहा. वीस मुलं रांगेत उभी केली तरी घंटा दोन फुल्यांनंतरच वाजते, निकाल तोच! मग त्यांना आपोआप सुचतं की घंटेकडे बघायला हवं. शेवटी हेही विचारा: "घंटा कायमची फेकून दिली तर?" तिथून "ब्रेक का हवा" ही चर्चा सुरू होते.

आणखी एक विनंती. वर्गात कॅन्सरबद्दल बोलताना "हरले", "झुंज अपयशी ठरली" असे शब्द शक्यतो टाळा. समोरच्या चाळीस मुलांपैकी एखाद्याच्या घरी नुकतंच कोणीतरी गेलेलं असू शकतं. त्याला असं वाटता कामा नये की आपल्या माणसाने पुरेसा जोर लावला नाही. "आजार तसा होता, औषधाला अडवणाऱ्या पेशीही तिथे होत्या आणि त्यांना थांबवायचं कसं ते शास्त्रज्ञ शोधत आहेत" हे वाक्य मुलालाही पेलतं आणि खरंही आहे.

सैनिकांचं चित्र वर्गातल्या भिंतीवरून काढायची गरज नाही. फक्त त्याच्या शेजारी एक घंटा काढा. कोण लढतं हे सांगताना कोण थांबवतं हेही सांगितलं, की मुलांना प्रतिकारयंत्रणा खऱ्या अर्थाने कळायला लागते. आणि घरी कोणी "प्रतिकारशक्तीच कमी पडली" म्हणालं, तर विचारायला त्यांच्याकडे एक चांगला प्रश्नही असतो.